भोंग्यावरचं ब्रेकअप

माझा स्वतःचा आवाज मी पहिल्यांदा बाहेरून ऐकला तो एका शनिवारी सकाळी, तोंडात टूथब्रश असताना. ब्रश असल्यामुळे आवाज माझ्या घशातून येत नाही एवढं नक्की होतं. तो येत होता रस्त्यावरून, लोखंडी भोंग्यातून, आणि सगळ्या गल्लीला बजावत होता की रडशील, बघ, रडशील तू.

गॅलरीत पेपर वाचणाऱ्या बाबांनी मान वर केली. "कुणाचं बोकड नेतायत रे कापायला?"

बोकड मीच होतो.

गाणं संपलं आणि लगेच एका बाईचा गोड आवाज सुरू झाला: चादर-टॉवेल महोत्सव, आजच भेट द्या, सहकुटुंब या. मी फेसासकट गॅलरीत धावलो. टपावर दोन भोंगे लावलेली जाहिरातीची रिक्षा कोपऱ्यावरून वळत होती. हे गाणं जर एका ठरावीक गल्लीत पोचलं असतं तर एका मुलीचं सगळं पुढचं आयुष्य फिरलं असतं. आणि ती गल्ली इथंच, सोलापुरात होती.

हे गाणं भोंग्यावर कसं चढलं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी कुणी गायक-बियक होतो.

माझ्या दोस्ताच्या अब्बांचं विजापूर वेशीजवळ रिक्षा आणि दुचाक्यांचं गॅरेज. बारावीनंतरच्या सुट्टीत दोस्त तिथं काम शिकत होता आणि मी तिथं बसत होतो. एकदा तो मोबाइलवर कार्बोरेटर उघडायचा व्हिडिओ शोधायला गेला. 'गॅरेज' एवढा शब्द टाकला आणि ग्रीसच्या बोटानं पुढं भलतंच काहीतरी दाबलं गेलं. समोर आली साठेक वर्षांपूर्वीची चार अमेरिकन पोरं. कपाळावर केस, अंगात बापाचे वाटावेत असे कोट, आणि जीव खाऊन बोंबलणं. याला गॅरेज रॉक म्हणतात हे आम्हाला मागाहून कळलं. घरच्यांनी हाकलल्यावर ती पोरं मोटार ठेवायच्या खोलीत जाऊन वाजवायची, म्हणून ते नाव.

दोस्त म्हणाला, "नुसती गाडी लावायच्या जागेला गॅरेज म्हणतेत ते. आपलं तर असली गॅरेज हाय की."

मग आम्ही ती गाणी ऐकत सुटलो. सगळी अडीच-तीन मिनिटांची, डालड्याच्या डब्यात बसून रेकॉर्ड केल्यासारखी. आणि सगळ्यांत एकच तक्रार. पहिल्या कडव्यात ती सोडून जाते, दुसऱ्यात ती खोटारडी निघते, तिसऱ्यात पोरगा तिला सांगतो की थांब, रडत परत येशील. इंग्रजी आम्हाला निम्मं कळायचं, तक्रार पूर्ण कळायची. इतक्या पोरांना इतक्या पोरींनी सोडलं आणि एकाही गाण्यात पोराची काहीच चूक कशी नाही, असा प्रश्न आम्हाला पडला नाही. उलट वाटायचं, बरोबर बोलतायत.

आणि नेमकं त्याच सुट्टीत मलाही सोडण्यात आलं.

ती अशोक चौकाकडच्या विणकरांच्या गल्लीतली. घरी तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि गणितात माझ्यासारख्या चौघांना पुरून उरणारी. खाली तिच्या वडिलांचा, म्हणजे नान्नांचा, टॉवेलचा कारखाना, वर घर, पुढं निळं गेट. आमचं प्रेम म्हणजे क्लासच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं उभं राहून मला न सुटलेली गणितं तिनं सोडवून दाखवणं. शेवटी शेवटी हातात हात. बास. एवढ्याला प्रेम म्हणावं का यावर आज मतभेद होतील, तेव्हा माझे माझ्याशी अजिबात नव्हते.

तिला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. त्यांच्या घरातली एकही पोरगी आजवर हॉस्टेलवर राहिली नव्हती. काका, मामा, आत्या, सगळी फौज विरोधात. पोरगी हातची जाईल, त्यापेक्षा स्थळ बघा म्हणणारी. नान्ना बरेच दिवस गप्प होते आणि एकदा जेवताजेवता नुसतं 'जा' म्हणाले. त्या एका शब्दावर तिचं सगळं टांगलेलं होतं.

टाकीमागं ती मला म्हणाली, "आता हे बंद. नान्नांच्या कानावर काही गेलं ना, तर पुणं संपलं माझं. समजतंय का तुला?"

मला समजत होतं. समजूतदार माणूस करतो तसं मी केलं. मान डोलावली आणि रडलो. तिनं रुमाल दिला, कोरडा, इस्त्रीचा, आणि जिना उतरून गेली.

घरी येऊन मी गाणं लिहिलं.

*निळ्या गेटाच्या घरातली तू,*
*पिवळ्या स्कूटीवर मिरवतेस तू,*
*जायचं तर जा ना पुण्याला तू,*
*रडशील, बघ, रडशील तू.*

दुसरं कडवं आणखी भारी होतं.

*क्लासची गच्ची, टाकीच्या मागं,*
*हातात हात होता ना गं?*

दोस्तानं कागद वाचला. "ॲड्रेस तर पुरा दिलायस. पिनकोड बी टाक की."

"हे गॅरेजच्या बाहेर जाणार नाहीये," मी म्हणालो. अगदी खात्रीनं म्हणालो. माझी खात्री हा आमच्या घरातला जुना विनोद आहे.

आमच्याकडं गिटार होती. ड्रमऐवजी दोस्त ऑइलचे रिकामे डबे आणि स्कूटरची रिम बडवायचा. ॲम्प्लिफायर मात्र नव्हता, आणि त्याशिवाय त्या अमेरिकन पोरांसारखा फाटका आवाज निघत नव्हता. अशात त्या शुक्रवारी क्लचची वायर बदलायला जाहिरातीची रिक्षा आली. मागच्या सीटवर लोखंडी पेटी, पेटीत बॅटरी, ॲम्प्लिफायर आणि त्याला खोचलेला पेन ड्राइव्ह. पेटी उघडी ठेवून ड्रायव्हरकाका जेवायला गेले. अब्बा जुम्म्याच्या नमाजाला गेले. मागं राहिलो आम्ही दोघं आणि तो माईक.

ॲम्प्लिफायरवर एक लाल बटण होतं. ते दाबलं की माईकवर म्हणाल ते पेन ड्राइव्हवर उतरायचं. मी डोळे मिटून गायलो, मधे जमेल तशी गिटार छेडली. दोस्तानं डबे फोडले. आवाज असा फाटला की आमच्याच अंगावर काटा आला. शेवटचं 'रडशील तू' संपतंय तोच बाहेर अब्बांच्या चपला वाजल्या. बटण बंद, माईक जागेवर, डबे बाकड्याखाली. गाणं नंतर मोबाइलवर घ्यायचं आणि पेन ड्राइव्हवरून पुसायचं असं ठरलं होतं. पण काका लवकर आले आणि रिक्षा घेऊन गेले. मी तेव्हा घरी झोपलो होतो. गाऊन दमलो होतो.

यंत्राचं काम सरळ असतं. त्याच्यात दोन गोष्टी होत्या, त्या ते आलटून पालटून वाजवत होतं. एकदा टॉवेल, एकदा मी.

तोंड न धुताच मी दोस्ताला फोन लावला.

"हौ, ऐकलं," तो म्हणाला. "आमच्याकडनं बी गेली गाडी. अब्बा म्हणले, आवाज वळखीचा वाटतोय."

"काकांना फोन कर ना."

"केला की. वाजतोय नुसता. डोक्यावर दोन भोंगे, ऐकू येतंय कशाला?"

"आज गाडी कुठं कुठं फिरणार आहे?"

"काल सांगत होते. तुमच्याकडनं साखर पेठ, मग कन्ना चौक, मग..." तो थांबला. "थांब तिथंच. आलो."

मग काय हे त्याला सांगावं लागलं नाही. कन्ना चौकाच्या पुढं अशोक चौक.

तो आला ते एका गिऱ्हाइकाच्या मोटारसायकलवर, आणि तिचा सायलेन्सर काढून ठेवलेला होता. इतक्या आवाजात भोंगा कुठं वाजतोय ते ऐकू येईना. म्हणून प्रत्येक चौकात गाडी बंद करायची, कान द्यायचा, दिशा ठरवायची आणि पुन्हा किका मारायच्या. चार-पाच किकांशिवाय ती उठत नव्हती. आम्ही साखर पेठेत शिरलो तेव्हा भोंगा उजवीकडं ऐकू आला. जिवाच्या आकांतानं गेलो तर ती कसल्याशा कोचिंग क्लासची रिक्षा निघाली. यशाची हमी, मर्यादित जागा.

नारळ विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, "मावशी, टॉवेलची गाडी गेली का हिकडनं?"

"ते रडकं गाणं व्हय? मगाच गेली की कन्ना चौकाकडं." मावशींनी नारळावरून कोयता उचलला. "कोन मेलंय रं त्या पोराचं?"

दोस्त हसला नाही. मला तेच जास्त भीतीदायक वाटलं.

कन्ना चौकात भोंगा नव्हता. गाडी बंद करून आम्ही कान दिला. बस, हातगाड्या, कुठंतरी भांडण. मग लांबून, अशोक चौकाच्या बाजूनं, गोड आवाज: सहकुटुंब या.

आम्ही तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि रिक्षा दिसली. आत उभी होती, निळ्या गेटाच्या थोडी अलीकडं. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नव्हतं. विणकरांच्या गल्लीत टॉवेल खपवायला कोण येतं? काका आले होते इडली खायला. इडली त्या भागातच खावी असं त्यांचं ठाम मत होतं. भोंगा बंद पडला की मालक बोलतो, म्हणून तो चालू ठेवून गेले होते.

पण एक गोष्ट आमच्या बाजूनं होती. गल्लीभर यंत्रमाग चालू होते. दोन्ही बाजूंच्या शेडमधून खटखट, खटखट, असा तो मोठा आवाज, ज्यात शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. भोंग्यातली बाई त्यात नुसती कुजबुजल्यासारखी वाटत होती. मी पहिल्यांदा नीट श्वास घेतला.

"पेटी उघड, पेन ड्राइव्ह ओढ, चल," मी म्हणालो.

पेटीला कुलूप होतं.

"वायर तोड."

दोस्तानं टपाकडं बघितलं. "वायर पाइपातनं घातलीया. पोरं ओढतेत म्हणून. काल मीच घातली." आवाजात थोडा अभिमान होता, तो मी आजही विसरलेलो नाही.

"मग रिक्षाच ढकलू या बाहेर."

आम्ही ढकलली. हँडल लॉक होतं. रिक्षा सरळ जाण्याऐवजी जागच्या जागी गर्रकन वळली आणि थांबली तेव्हा दोन्ही भोंग्यांची तोंडं बरोब्बर निळ्या गेटाकडं होती.

"नक्को आता हात लावू," दोस्त म्हणाला. "मी काकाला शोधून चावी आणतो. तू थांब हितं." आणि तो पळाला. त्या भागात इडलीची ठिकाणं किती असतील याचा मी विचार न करायचं ठरवलं.

आणि लाईट गेली.

सगळे माग एकदम थांबले. ती शांतता सांगता येणार नाही. कानांत नुसते दडे बसल्यासारखं झालं. मग शेडमधून माणसं बाहेर यायला लागली, घाम पुसत, बनियनवर, गल्लीत वारा शोधत. निळं गेट करकरलं. नान्ना बाहेर आले, लुंगीवर, खिशात पेन. पायरीवर बसले. वरच्या गॅलरीत ती येऊन उभी राहिली. तिनं मला बघितलं, रिक्षाला बघितलं. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. तिच्या कपाळावर एवढंच उमटलं की हा इथं कशाला.

गोड आवाजाची बाई म्हणाली, आजच भेट द्या. बाई गप्प झाली. आणि ऑइलचा डबा वाजला. धाड, धाड, धाड.

ही आमच्या गाण्याची सुरुवात.

*निळ्या गेटाच्या घरातली तू,* मी सगळ्या गल्लीला सांगितलं.

पेटीच्या भोकातून एक वेटोळ्यांची वायर बाहेर आली होती आणि तिच्या टोकाला माईक, हँडलला अडकवलेला. तो मी कसा उचलला आठवत नाही. बटण दाबलं आणि गाणं एकदम बारीक झालं. माणूस बोलायला लागला की यंत्र गाणं दबतं करायचं. म्हणजे मी बोलत राहिलो तर गाणं दबणार होतं. थांबलो तर वर येणार होतं.

"टॉवेल," मी म्हणालो. दोन्ही भोंगे कडाडले. "टॉवेल, टॉवेल, टॉवेल. बंधू आणि भगिनींनो, टॉवेल. चादर. नॅपकिन. हातरुमाल. सगळ्या प्रकारचे टॉवेल."

समोरच्या शेडमधला एक कामगार म्हणाला, "ए भाऊ, आमालाच टॉवेल इकतो का?"

"सगळ्यांनी घ्या," मी म्हणालो. "ज्यांच्याकडं आहेत त्यांनी पण घ्या."

गल्ली हसली. नान्ना हसले नाहीत. ते मान तिरकी करून ऐकत होते. मला नाही, माझ्या मागून येणाऱ्या त्या बारीक गाण्याला.

"डझनाचं वजन किती रे?" त्यांनी विचारलं. कारखानदार टॉवेल वजनावरून पारखतात.

"भरपूर आहे काका."

"भरपूर म्हणजे?"

"ओला केला की आणखी वाढतं."

पुन्हा हशा. मी श्वास घेतला, अंगठा घामानं बटणावरून घसरला आणि *रडशील, बघ, रडशील तू* असं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घुमलं. मी पुन्हा दाबलं. वर बघायचं नाही असं ठरवून मी वर बघितलं. तिनं गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरला होता. आता तिला सगळं कळलं होतं. ती ओरडली नाही, आत पळाली नाही. नुसती माझ्याकडं बघत होती, गणितात मी चूक कुठं करणार हे तिला आधीच दिसायचं तेव्हा बघायची तशी.

गाणं माझं असल्यामुळे पुढं काय येतंय ते मला पाठ होतं. मधे गिटारचा तुकडा. गिटार मला येत नसल्यामुळे तो लहान होता. त्यानंतर टाकीमागचं कडवं. निळं गेट कुणाचंही असू शकतं, पिवळी स्कूटी कुणाचीही असू शकते. पण क्लासची गच्ची आणि हातात हात हे एकदा नान्नांच्या कानात गेलं की 'जा' हा शब्द परत घेतला जाणार, मामा-आत्यांची फौज जिंकणार, आणि वर्षभरात या गल्लीत मांडव पडणार. ते कडवं मला झाकायचं होतं, आणि माझ्याकडचे टॉवेल संपले होते. खरंच संपले होते. मी चादर म्हटली होती, पंचा म्हटला होता, सोलापूरची शान म्हटलं होतं, गिऱ्हाइकाचा संतोष म्हटलं होतं. डोक्यात पुढचा एक शब्द नव्हता.

तेव्हा गड्ड्याच्या जत्रेत लहानपणी ऐकलेली अनाउन्समेंट आपोआप तोंडातून बाहेर पडायला लागली.

"एक मुलगा हरवला आहे," मी ओरडलो. "लक्ष द्या. एक मुलगा हरवला आहे. वय सतरा. रंग सावळा. अंगात चौकड्यांचा शर्ट, पायात एकच चप्पल. बारावीला बरे मार्क आहेत पण अक्कल नाही. कुणाला दिसल्यास त्याला त्याच्या घरी नेऊन सोडावं. त्याचे आईवडील वाट बघत आहेत. तो स्वतःहून घरी जाऊ शकत नाही. लक्ष द्या, एक मुलगा हरवला आहे."

माणसं माझ्या चौकड्यांच्या शर्टाकडं बघायला लागली, मग पायांकडं. दुसरी चप्पल साखर पेठेत मोटारसायकलवरून पडली होती. मी थांबलो नाही. त्याच मुलाची उंची सांगितली, त्याच्या दातावर अजून टूथपेस्ट आहे हे सांगितलं, तो भिऊन कुणाला चावत नाही हेही सांगितलं. माझ्या मागं टाकी, हात, सगळं बारीक आवाजात होऊन गेलं. घसा इतका सुकला की शेवटचे शब्द नुसती हवा होते.

तेवढ्यात दोस्त आला, आणि त्याच्या मागं हाताला चटणी लागलेले काका. चावी फिरली. पेटी उघडली. दोस्तानं पेन ड्राइव्ह असा उपटला की जणू दात काढला.

गल्ली पुन्हा शांत झाली.

"काय झालं वो?" काका मंगळवेढ्याकडचे, त्यांचा स्वर कायम निवांत. "मला वाटलं, शेटनंच मधी गाणं टाकलंय. बायामाणसं थांबत हुती की ऐकाया."

नान्ना पायरीवरून उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "गाणं कुणाचं?"

"कंपनीचं हाय चाचा," दोस्त म्हणाला.

"निळं गेट म्हणत होता त्यात."

"निळी गेटं लई असतात काका," मी म्हणालो.

नान्नांनी गल्लीच्या या टोकाला बघितलं, त्या टोकाला बघितलं. मीही बघितलं. निळं गेट एकच होतं.

ती खाली आली. हातात पाण्याचा तांब्या. मी घोट घेत असताना काकांनी नान्नांना चांगल्या कारखान्याचा टॉवेल कसा ओळखायचा असं काहीतरी विचारलं आणि नान्ना तिकडं वळले. ती तांब्याकडंच बघत हळू म्हणाली, "मी रडले नव्हते."

"माहीत आहे."

"रडला तू होतास. गाण्यात उलटं कशाला?"

मी काय सांगणार? की त्या गाण्यांत तसंच असतं? की साठ वर्षांपूर्वीपासून सगळी पोरं आपलं रडणं पोरींच्या डोळ्यांत ओतून देतात आणि वर डबे बडवतात? मला पाण्याचा ठसका लागला.

नान्नांनी तिला तेलुगूत काही विचारलं. तिनं तेलुगूत उत्तर दिलं. मग त्यांनी आणखी काही विचारलं, आणि तिनं आणखी मोठं उत्तर दिलं. मला तेलुगू येत नाही. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, त्यांच्या चेहऱ्यावरून तर कधीच कळलं नसतं. एवढंच दिसलं की बोलताना तिनं एकदाही खाली बघितलं नाही. मग लाईट आली, माग सुरू झाले, नान्ना आत गेले आणि गेट लागलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. तिचा नंबर मी लावू शकत नव्हतो, तिनं मला तो पुसायला लावला होता आणि मी मूर्खासारखा खरंच पुसला होता. पुणं उरलंय की संपलंय, कळायला मार्ग नव्हता. गॅरेजात बसून मी गाणं तेवढं दुरुस्त केलं: रडलो, बघ, रडलो मी. दोस्तानं एकदा ऐकलं आणि काड्या खाली ठेवल्या. "याच्यावर डबा वाजवायला लाज वाटती यार," म्हणाला.

मग एका दुपारी नान्ना गॅरेजात आले. जागा ड्रायव्हरकाकांनी सांगितली असणार. मी एका रिक्षाखालच्या खड्ड्यात होतो. कामाला नव्हतो, त्यांना लांबून बघून उतरलो होतो. खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.

"तो ओरडणारा पोरगा कुठंय?"

दोस्तानं खड्ड्याकडं बोट केलं असणार, कारण चपला माझ्या डोक्याशी येऊन थांबल्या.

"वर ये की."

मी आलो. त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं. दोन्ही चपला आहेत का बघत असावेत.

"आवाज चांगलाय," ते म्हणाले. "आमचा जुना माल काढायचाय. सोमवारी सकाळी आमच्या भागात फिरायचं. तोंडानं बोलायचं. मधी गाणं नको."

"बरं काका."

"कुठलंच गाणं नको," ते म्हणाले आणि गेले.

"गाण्याचा पत्ता लागला की न्हाई त्यांना?" मी दोस्ताला विचारलं.

"तुला काय वाटतं?"

मी पुन्हा खड्ड्यात उतरलो.

सोमवारी मी काकांच्या शेजारी बसून गल्लीत शिरलो. माग थांबले होते. सुट्टी होती का लाईट नव्हती, माहीत नाही. मी माल सांगत होतो: मोठा टॉवेल, छोटा टॉवेल, थोडा डाग आहे, धुतल्यावर जातो. निळं गेट उघडलं. आधी एक मोठी बॅग बाहेर आली, नवी कोरी, हँडलला प्लास्टिक तसंच. मग दोरीनं बांधलेल्या चादरींचा गठ्ठा. मग इस्त्रीच्या शर्टातले नान्ना. मग ती.

पुणं उरलं होतं.

ते समोरच्या रिक्षात बसले आणि रिक्षा आमच्या दिशेनं निघाली. गल्ली अरुंद. "थांब, त्यास्नी जाऊ दे फुडं," काका म्हणाले आणि आमची रिक्षा भिंतीला लावली. त्यांची रिक्षा हळूहळू शेजारून जायला लागली. ती माझ्या बाजूला होती, हातभर अंतरावर. माझ्या हातात माईक होता, बटण दाबलेलं, टपावर दोन भोंगे. मी काहीही म्हणालो असतो तरी अख्ख्या गल्लीनं ऐकलं असतं. तिच्या पलीकडून नान्ना माझ्याकडं बघत होते.

"मोठा टॉवेल," मी म्हणालो. "अंगाला मऊ. रंग पक्का. घरपोच मिळेल."

ती हसली नाही. पण तिनं बॅगेवरचा हात उचलला आणि कपाळाचा घाम पुसल्यासारखं केलं. डोळे नाही, कपाळ. ते तिनं मुद्दाम केलं असं मला आजही वाटतं, आणि माझ्या वाटण्याची किंमत तुम्हाला आता माहीत आहे.

नान्ना तिच्यावरून पुढं वाकले. "आवाज वाढव की. मागच्या गल्लीत जात नाही."

मी वाढवला. रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला वळून दिसेनाशी झाली तरी मी टॉवेलच सांगत होतो. शेवटी काकांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"पुरं आता," ते म्हणाले. "हितं कुनी न्हाय ऐकाया."